चेंडू कुठाय?

बाबांच्या उजव्या हाताचं ते बोट मला अजून दिसतं. सोफ्यावर मांडी घालून बसलेले बाबा, मांडीवर आईने वाईहून आणलेली गोधडी, आणि त्या गोधडीच्या एका चौकोनावर सरकणारं बोट. डावीकडून उजवीकडे जायचं, थबकायचं, तिरकं आत शिरायचं, परत मागे यायचं आणि मग एकदम वर उचललं जायचं. समोर टीव्हीवर लेकर्स ह्या बास्केटबॉल संघाचा सामना चालू असायचा. बाबांची मान मात्र गॅलरीच्या दाराकडे वळलेली, कान टीव्हीकडे.

ही 2000 सालची गोष्ट. आम्ही तेव्हा लॉस एंजेलिसजवळ अर्टेशियाला राहत होतो. पायोनियर बुलेवार्डवर कढीपत्ता, पोहे, कोकम सगळं मिळायचं, म्हणून आई-बाबांना तिथं सहा महिने जड जाणार नाहीत अशी माझी समजूत होती. आईला गेले नाहीत. बाबांचं काय होणार ही काळजी होती. काचबिंदूने त्यांचा डावा डोळा पूर्ण गेला होता. उजव्यात एखाद्या नळीतून पाहावं तेवढंच उरलं होतं. वर्तमानपत्राचा मथळा एकेक अक्षर करत वाचता यायचा, समोरच्या माणसाचं नाक दिसायचं तेव्हा कान दिसायचे नाहीत. अशा नजरेला टीव्हीवरचा चेंडू सापडणं शक्यच नव्हतं. सापडला तरी पुढच्या क्षणी तो नळीबाहेर.

एकदा मी त्या बोटाकडे बराच वेळ बघत राहिले. पडद्यावर चेंडू जिकडे, बोट तिकडे. क्वचित अर्धा सेकंद उशीर.

"बाबा, तुम्हाला कसं कळतं?"

"अगं, तो सांगतोय ना."

तो म्हणजे लेकर्सचे समालोचक चिक हर्न. तेव्हा त्यांचं वय 83 होतं.

बाबांनी उभी नोकरी पोस्टात केली आणि उभं आयुष्य रेडिओ ऐकला. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं समालोचन लागलं की आमच्या घरी भांड्यांचा आवाजसुद्धा करायचा नाही असा दंडक होता. मैदान त्यांनी फारसं कधी पाहिलं नाही. पण गोलंदाज कुठल्या टोकाकडून धावत येतोय, मिडऑफ किती आत आलाय, हे त्यांना पाठ असायचं. ऐकून बघणं ही त्यांची जुनी सवय. बास्केटबॉल त्यांना अजिबात ठाऊक नव्हता आणि हर्न यांचं इंग्रजी तर मशीनगनसारखं. पहिला आठवडा त्यांना काही कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "ह्याचे शब्द ठरलेले आहेत. आरतीसारखे. एकदा चाल कळली की पुढचं येतं."

त्यांच्या ह्या वाक्यामुळे मी हर्न यांच्याबद्दल शोधायला लागले. तोवर मला तो फक्त टीव्हीतून येणारा एक आवाज होता.

लेकर्स हा मुळात मिनियापोलिसचा संघ. नावातली तळी मिनेसोटाची, लॉस एंजेलिसला कुठली एवढी तळी! 1960 साली संघ इकडे आला, पण बघायला माणसं येईनात. मोठं प्रेक्षागृह, एल्जिन बेलर आणि जेरी वेस्टसारखे खेळाडू, आणि रिकाम्या खुर्च्या. मार्च 1961 मध्ये सेंट लुईस हॉक्सविरुद्धची बाद फेरी चालू असताना संघाचे मालक बॉब शॉर्ट यांनी हर्न यांना सेंट लुईसला धाडलं आणि तिथून सामन्याचं वर्णन रेडिओवर लावलं. त्यानंतरच्या घरच्या सामन्याला लॉस एंजेलिसच्या स्पोर्ट्स अरीनात गर्दी लोटली. खेळाडू तेच, खेळ तोच. फक्त कोणीतरी गावाला तो खेळ सांगितला होता.

हर्न यांचं खरं नाव फ्रान्सिस. कॉलेजात असताना मित्रांनी बुटांच्या खोक्यात नव्या बुटांऐवजी मेलेली कोंबडी ठेवून त्यांची थट्टा केली, तेव्हापासून 'चिक'. इलिनॉयमधून आलेला हा माणूस लेकर्सबरोबर चिकटला तो चिकटलाच. नोव्हेंबर 1965 मध्ये खराब हवामानामुळे विमान अडकलं आणि त्यांचा एक सामना हुकला. त्यानंतर 21 नोव्हेंबर 1965 पासून 16 डिसेंबर 2001 पर्यंत त्यांनी एकही सामना चुकवला नाही. सलग 3,338 सामने. मी हा आकडा बाबांना सांगितला तेव्हा ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर्दीसुद्धा झाली नसेल का गं ह्याला?" सर्दी झाली असणारच. ह्या वर्षांत त्यांनी आपली दोन्ही मुलंही गमावली, आधी मुलगा आणि पुढे मुलगी. तरी सामन्याच्या वेळी ते खुर्चीवर असायचे.

त्यांच्या कामाचा जो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, त्याचं मूळ मात्र न्यूयॉर्कमध्ये आहे. मार्टी ग्लिकमन हे निक्स ह्या तिथल्या बास्केटबॉल संघाचे सुरुवातीच्या काळातले रेडिओ समालोचक. धावपटू होते. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रिले संघातून त्यांना आणि सॅम स्टोलर यांना ऐन शर्यतीच्या दिवशी काढलं गेलं. संघात ज्यू धावपटू ते दोघेच. ज्याला धावू दिलं नाही त्या माणसाने पुढे आंधळ्या मायक्रोफोनसमोर बसून धावणाऱ्यांचं वर्णन करायची रीत घालून दिली. बास्केटबॉल रेडिओवर सांगणं क्रिकेट किंवा बेसबॉलइतकं सोपं नाही. तिथं प्रत्येक चेंडूनंतर श्वास घ्यायला वेळ असतो. इथं दहा माणसं अखंड पळतात आणि 24 सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. ग्लिकमन यांनी आधी मैदानाचा नकाशा श्रोत्याच्या डोक्यात पक्का केला. मधली रेष, फ्री थ्रोची रेष, तिच्या वरचं टोक, कोपरा, कडेची पट्टी. एकदा जागांना नावं दिली की मग फक्त चेंडूचा पत्ता सांगत राहायचं. पोस्टातल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही.

ग्लिकमन यांच्या हाताखालून दोन मोठे आवाज निघाले. एक मार्व्ह अल्बर्ट, ज्यांचं 'येस!' न्यूयॉर्कमध्ये शाळकरी पोरंसुद्धा म्हणायची. दुसरे बॉस्टन सेल्टिक्सचे जॉनी मोस्ट. सिगारेटींनी खरवडलेला घोगरा आवाज, आणि सेल्टिक्सवर आंधळं प्रेम. 15 एप्रिल 1965 च्या रात्री फिलाडेल्फियाविरुद्धचा सातवा, म्हणजे मालिकेचा निकाल लावणारा शेवटचा सामना, 110-109, पाच सेकंद बाकी, चेंडू फिलाडेल्फियाचा. हॅल ग्रीयरने बाहेरून आत टाकलेला पास जॉन हॅवलिचेकने मध्येच हात घालून उडवला, आणि मोस्ट ओरडले की हॅवलिचेकने चेंडू चोरला, सामना संपला. बॉस्टनमध्ये ते ओरडणं आजही ऐकवतात. ते मला आवडतंच, काटा येतो. पण मोस्ट यांच्या वर्णनात पंच नेहमी चुकलेले आणि समोरचा संघ नेहमी दुष्ट. हर्न यांना पगार लेकर्स द्यायचे, तरी लेकर्सचा खेळाडू आळस करत असेल तर ते तसं सांगायचे. ज्याला स्वतःला काही दिसत नाही त्याला सांगणाऱ्यावर विश्वास ठेवता यायला हवा. माझा कल म्हणून हर्न यांच्याकडे.

आणि एक टेप. 2 मार्च 1962 ला पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात 100 गुण केले. 4,124 प्रेक्षक. टीव्ही नव्हता, त्यामुळे चित्रफीत नाही. त्या रात्रीचं जे काही शिल्लक आहे ते म्हणजे फिलाडेल्फियाच्या रेडिओवरचे बिल कॅम्पबेल यांचे शब्द. तेही वाचले एका कॉलेजच्या विद्यार्थ्यामुळे, ज्याने मध्यरात्रीनंतरचं पुनःप्रसारण आपल्या टेपरेकॉर्डरवर धरून ठेवलं. त्या 100 गुणांच्या बाबतीत आपण सगळेच बाबांसारखे आहोत. ऐकूनच बघायचं.

आता हर्न यांची खरी करामत. लेकर्सचा सामना टीव्हीवर आणि रेडिओवर एकाच वेळी लागायचा, आणि दोन्हीकडे आवाज एकच, त्यांचाच. एकाच समालोचनात दोन्ही माध्यमं भागवलेली. कारण अर्थात पैशाचंही असेल. पण त्यामुळे झालं असं की टीव्हीसमोर बसलेल्यालाही रेडिओचं वर्णन मिळत होतं. चेंडू कोणाकडे, कुठल्या बाजूला, कडेपासून किती फुटांवर, घड्याळात किती उरलं, गुण किती. दिसत असलेल्या गोष्टी परत परत का सांगता, असं काहींना वाटायचं. ते स्वतः ह्याला 'वर्ड्स-आय व्ह्यू' म्हणायचे. पक्ष्याच्या नजरेतून दिसतं तसं शब्दाच्या नजरेतून. आमच्या दिवाणखान्यात एका माणसाला तीच एक नजर उरली होती.

शेजारी बसणाऱ्या सहसमालोचकाला त्यात जागा फार थोडी उरायची. तरुण अल मायकल्स 1967 साली काही सामन्यांतच काढले गेले, आणि पुढे अमेरिकेतले नावाजलेले समालोचक झाले. हॉट रॉड हंडली शिकून बाहेर पडले आणि यूटा जॅझ ह्या संघाचा आवाज झाले. 1977 पासून दोन वर्षं पॅट रायली त्या खुर्चीवर होते. 1979 साली लेकर्सचे प्रशिक्षक जॅक मॅकिनी सायकलवरून पडून गंभीर जखमी झाले, त्यांची जागा पॉल वेस्टहेड यांनी घेतली आणि रायली मायक्रोफोन ठेवून त्यांचे साहाय्यक झाले. दोन वर्षांनी मुख्य प्रशिक्षक, आणि मग चार अजिंक्यपदं. मुंबईत क्रिकेटचे समालोचक बॉबी तल्यारखानही असेच होते. दिवसभर एकटे बोलायचे, आणि आकाशवाणीने तीन-तीन समालोचक बसवायचं ठरवल्यावर त्यांनी काम सोडलं. बाबांनीच ही गोष्ट मला सांगितली होती, ती अशी अर्टेशियात उपयोगी पडली. हर्न यांच्या शेजारी 1987 मध्ये आलेले स्टू लँट्झ मात्र टिकले. कधी बोलायचं आणि कधी नाही, हे त्यांना नेमकं कळायचं.

हर्न यांची वाक्यं बाबांना खेळाडूंपेक्षा आधी पाठ झाली. 'स्लॅम डंक', 'एअर बॉल' हे शब्द आज जगभर चालतात, ते रुळवण्याचं श्रेय त्यांनाच देतात. हुलकावणी देऊन कोणी समोरच्याला पार बाजूला काढलं, की त्याला पॉपकॉर्नच्या यंत्रात धाडला असं ते म्हणायचे. पण बाबांचं आवडतं होतं फ्रीजचं. सामना हातात आला, आता काही बदलणार नाही, अशी हर्न यांची खात्री पटली की ते सांगायचे: हा सामना फ्रीजमध्ये गेला. दार लागलं, दिवा विझला, अंडी गार होतायत, लोणी घट्ट होतंय आणि जेली थरथरतेय.

आमच्या वाईच्या घरी फ्रीज आला 1986 साली. दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, हे पाहायला माझा धाकटा भाऊ दिवसातून वीस वेळा दार उघडायचा आणि आई त्याला धपाटे घालायची. बाबांनी हर्न यांचं ते वाक्य पहिल्यांदा नीट ऐकलं आणि खुदकन हसले. "दिवा विझतो हे ह्याला माहीत आहे बघ," म्हणाले. त्यांनी त्याचं मराठी केलं, आणि रोज संध्याकाळी आईबरोबर पत्ते खेळताना हात जिंकला की ते सगळं म्हणून दाखवायला लागले. पत्ते ते डोळ्यांच्या अगदी जवळ धरून ओळखायचे. आई जेलीला हरकत घ्यायची. आपल्याकडे जेली कोण करतं, खरवस म्हणा. पण बाबांनी जेली बदलली नाही. मूळ शब्द आहे, म्हणायचे.

4 जून 2000, रविवार. पोर्टलंडविरुद्धचा सातवा सामना. देशभर दाखवला जाणारा सामना म्हणजे टीव्हीवर दुसरे समालोचक, हर्न फक्त रेडिओवर. लॉस एंजेलिसमध्ये घरोघरी तेव्हा जे करायचे तेच आम्ही केलं. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद, आणि शेजारी रेडिओ, 570 वर. शेवटच्या चौथ्या भागात लेकर्स 15 गुणांनी मागे होते. बोट गोधडीवर फिरत होतं पण त्यात जीव नव्हता. मग पोर्टलंडचे नेम चुकायला लागले, एकामागून एक. बाबा सरसावून बसले. मिनिटभराहून कमी वेळ उरला असताना कोबी ब्रायंटने आत शिरून चेंडू हवेत उंच सोडला, शकील ओ'नीलने तो वरच्या वर पकडून रिंगमध्ये कोंबला. मी पडद्यावर पाहिलं. बाबांचं बोट गोधडीवरून उठलं आणि तसंच हवेत राहिलं, शकीलच्या हाताइतक्या उंचीवर. 89-84. ते बोट खाली यायला बराच वेळ लागला.

2001 च्या डिसेंबरात हर्न यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि ती सलग 3,338 ची माळ तुटली. बरे होत असताना पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. 85 वर्षांचा माणूस आता कशाला परत येतो, असं मला वाटलं. 9 एप्रिल 2002 ला ते परत आले. बाबा तेव्हा दुसऱ्यांदा आमच्याकडे आलेले होते. आवाज थोडा बारीक झाला होता, वेग जवळजवळ तोच. 12 जूनला लेकर्सनी न्यू जर्सीला चौथ्या सामन्यात हरवून सलग तिसरं अजिंक्यपद घेतलं. तो त्यांचा शेवटचा सामना ठरला. ऑगस्टच्या सुरुवातीला एन्सिनोच्या आपल्या घराच्या अंगणात ते पडले, डोक्याला मार बसला, आणि 5 ऑगस्टला गेले. बाबांनी त्या रात्री जेवण नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला फ्रीज उघडला, आणि दार लावून तिथेच उभे राहिले.

पुढच्या वर्षी बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. समालोचकाला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्यांच्या जागी पॉल संडरलँड तीन हंगाम बोलले, आणि पुढे लेकर्सनी टीव्ही आणि रेडिओ वेगळे केले. 2005 पासून टीव्हीवर जोएल मायर्स आणि लँट्झ, रेडिओवर स्पेरो डेडीस आणि पूर्वीचे खेळाडू मायकल थॉम्प्सन. नंतर रेडिओवर जॉन आयर्लंड आले, टीव्हीवर बिल मॅकडॉनल्ड. 2012 मध्ये सामने चॅनेल 9 वरून केबलच्या स्वतंत्र वाहिनीवर गेले. सगळी भली, तयारीची माणसं. टीव्हीवरच्यांचं काम चित्रात जे नाही ते सांगणं, आणि ते ती चोख करतात.

पण 2007 साली बाबा तिसऱ्यांदा आले, तेव्हा उजवा डोळाही जवळपास गेला होता. मी सवयीने टीव्ही लावला. समालोचक एका खेळाडूच्या दुखापतीबद्दल बोलत होते, मग कोणाच्या तरी जुन्या विक्रमाबद्दल. मधून मधून प्रेक्षक ओरडायचे. गोधडीवरचं बोट हललं नाही. बऱ्याच वेळाने बाबांनी विचारलं, "चेंडू कुठाय?"

सात वर्षांत त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता.

मी रेडिओ काढला. आमच्याकडचं टीव्हीचं प्रसारण तोवर डिजिटल झालं होतं, चित्र काही सेकंद मागे यायचं. चित्र आणि आवाज आता जुळेनात. बाबांना त्याचं काही नव्हतं. त्यांचं बोट पडद्याच्या पुढे धावायचं, ते "गेला!" म्हणायचे आणि मग आम्हाला चेंडू आत जाताना दिसायचा. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. आजोबांना पुढचं आधी दिसतं, असं ती शाळेत सांगून आली.

एप्रिल 2010 मध्ये प्रेक्षागृहाबाहेर हर्न यांचा पुतळा बसवला. टेबल, मायक्रोफोन, आणि शेजारी एक रिकामी खुर्ची, येणाऱ्याने बसावं म्हणून. मी बसले. त्याच जूनमध्ये लेकर्स आणि सेल्टिक्सचा सातवा सामना झाला. बाबा वाईला होते. प्रवास आता त्यांना झेपण्यासारखा नव्हता. तिकडे सकाळ. मी फोन लावला आणि आधी रिसीव्हर रेडिओला टेकवला, पण पलीकडे नुसती खरखर पोचत होती. म्हणून मीच सांगायला लागले.

मला वाटलं होतं येईल. मी "अरे बापरे", "गेला गेला", "काय मूर्खपणा" एवढंच म्हणत होते. बाबांनी दोन वेळा शांतपणे विचारलं, चेंडू कुठाय? मग मी उभी राहिले, टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि फक्त जागा सांगायला लागले. मधली रेष ओलांडली. वरचं टोक. कोबीकडे. उडी मारली, टाकला, रिंगला लागून बाहेर. त्या रात्री कोबीचे 24 पैकी 6च नेम लागले, त्यामुळे 'बाहेर' हा शब्द मी फार वेळा म्हटला. लेकर्स 13 गुणांनी मागे पडले होते, ते हळूहळू वर आले. शेवटचं मिनिट आलं. कोबीकडून आर्टेस्टकडे, तीन गुणांच्या कमानीच्या बाहेर, टाकला, आत. माझ्या घशाला कोरड पडली होती. हर्न 85 व्या वर्षी हे कसं करत होते!

आपला वुयाचिच फ्री थ्रोच्या रेषेवर. पहिला आत. दुसरा आत. 83-79, अकरा सेकंद बाकी.

"दार लावू?" बाबांनी विचारलं.

"थांबा. चेंडू सेल्टिक्सकडे आहे. पुढे आणतायत. कमानीपाशी. टाकला... बाहेर. आपल्याकडे आला, बाबा. संपला."

"मग म्हण."

"दार लागलं," मी म्हटलं. "दिवा विझला. अंडी गार होतायत."

"लोणी," तिकडून बाबा म्हणाले, आणि मागून आईचा आवाज आला, "खरवस म्हणा."